गोदाबाईचा चौथा मुलगा

१

माझ्या कार्यशाळेत पहिली दहा मिनिटं मी कुणालाच संगणकाला हात लावू देत नाही. आधी कागद घ्या आणि तुम्हाला नेमकं काय हवंय ते एका वाक्यात लिहा, असं सांगते. लोक चडफडतात. एकदा तर एक गृहस्थ म्हणाले, “मॅडम, टाकलं की येते ना सारं.” येतं ना! कापूस टाकला की गादीपासून देवाच्या वातीपर्यंत सगळं येतं. तुम्हाला हवा असतो तेवढाच येत नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा, तशी गत.

अकोल्यातल्या एका महाविद्यालयात मी बावीस वर्षं ग्रंथपाल आहे. मे महिन्यात, पोरं सुट्टीवर गेली की, पीएच.डी. करणाऱ्यांसाठी दर शनिवारी ही कार्यशाळा घेते. माझी जीभ जरा तिखट आहे हे मला ठाऊक आहे, पण माणसं पुन्हा पुन्हा येतात, म्हणजे उपयोग होत असावा.

त्या पहिल्या शनिवारी नेहमीप्रमाणे सगळं थोडक्यात सांगितलं, पुढच्या शनिवारांना त्यातला एकेक भाग नीट करून घ्यायचा असतो. शब्द सलग हवे असतील तर त्यांना अवतरणचिन्हांत बांधा. जे नको ते वजा करा, शब्दाच्या आधी वजाची खूण द्या. तरीही सापडलं नाही तर समजा की तुम्ही चुकीच्या नावानं हाक मारताय. तुमच्या तोंडात बसलेलं नाव सोडा, त्याचं स्वतःचं नाव कोणतं ते काढा, मग बघा कसा ओ देतो. अगदीच अडलात तर पानाच्या तळाशी जा. तिथं ‘लोक हेही शोधतात’ अशी यादी असते, तिच्यात वाट सापडते. आणि सापडलं की थांबा. सापडल्यावरही शोधत बसणं याला संशोधन म्हणत नाहीत, चाळा म्हणतात.

लोक हसले. हसणं थांबल्यावर मला मागच्या बाजूनं आवाज आला. टप, टप, मग थोडी सळसळ, पुन्हा टप. कुणी सूप पाखडत बसावं तसा. मागच्या रांगेजवळ कूलर होता. त्याचं गवत सुकलं असेल म्हणून मी शिपायाला पाणी टाकायला सांगितलं. पाणी टाकल्यावर आवाज थांबला, म्हणून मीही तो विषय सोडला.

२

दुसऱ्यांना शिकवते तेच मी स्वतःसाठीही करत होते. पन्नाशी गाठताना मलाही पीएच.डी.ची हौस आली होती. विषय होता वऱ्हाडातली हलकी नावं. ज्या घरात लेकरं जगत नाहीत तिथं नव्या लेकराला मुद्दाम टाकाऊ नाव द्यायचं, अशी आमच्याकडं जुनी रीत आहे. कचरू, धोंडू, फकिरा. जन्मल्यावर लेकरू उकिरड्यावर ठेवायचं, शेजारणीनं ते उचलायचं आणि आईनं तिला सूपभर कोंडा देऊन विकत घ्यायचं. विकत घेतलेलं लेकरू कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. खरं नाव आई एकदाच त्याच्या कानात सांगते आणि त्यावर माती टाकते.

माझे बाबा त्यातलेच. उकिरड्यावरून उचलले म्हणून उकंडा, मोठे झाल्यावर उकंडराव. आजी गोदाबाईची आधीची तीन मुलं पाचवीच्या पूजेच्या आतच गेली होती. चौथे बाबा. नांदगाव पेठेजवळच्या मळ्यात झेंडू आणि शेवंती पिकवत ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे झाले. आता जठारपेठेत माझ्याजवळ राहतात, कानाचं यंत्र काढून ठेवतात आणि कूलरसमोर बसून माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवतात. आम्हा दोघांशिवाय घरात कुणी नाही. त्यांच्यावर माझा किती जीव आहे ते मी त्यांना कधी सांगितलं नाही, सांगितलं असतं तर त्यांनी माझी टिंगल केली असती.

प्रबंधात दीडशे हलकी नावं गोळा झाली होती. पण एकाही माणसाचं झाकलेलं खरं नाव हाती लागलं नव्हतं. मार्गदर्शक म्हणाले होते, एक तरी जोडी हवी, नाहीतर शेवटचं प्रकरण उभं राहत नाही. जूनअखेर प्रबंध द्यायचा होता.

त्या रविवारी मी टाकलं, ‘उकंडा नाव प्रथा वऱ्हाड’. वर नेहमीचा कचरा आला. सवयीनं तळाशी गेले. ‘लोक हेही शोधतात’ खाली तीन ओळी बिनकामाच्या होत्या. चौथी होती, ‘गोदाबाईचा चौथा मुलगा’.

मी हसले. गोदाबाया वऱ्हाडात काय कमी होत्या? चहा ठेवायला उठले आणि चहा उतू जाईपर्यंत तिथंच उभी राहिले.

३

सोमवारी महाविद्यालयातल्या संगणकावर तेच टाकलं. ओळ तिथंही होती, फक्त आता शब्द अवतरणचिन्हांत बांधलेले होते.

संगणकशास्त्राच्या वर्षाली मॅडमना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, ही यादी बनते कशी? त्या माझ्याहून बारा वर्षांनी लहान, डोकं थंड. म्हणाल्या, “सगळ्यांच्या शोधण्यातून बनते, मॅडम. लोक जे घडीघडी विचारतात ते वर येतं.”

“घडीघडी म्हणजे किती?”

“एक-दोनदा विचारून नाही येत. कोणीतरी लय दिवसांपासून विचारून राहिलं असंल, तेव्हाच येईल. काहून?”

“काही नाही,” मी म्हणाले.

पुढच्या शनिवारी पुन्हा कार्यशाळा होती. वजाच्या खुणेबद्दल बोलताना मागून तो आवाज आला. या वेळी मी स्वतः उठून कूलरपाशी गेले. गवत ओलं होतं, पाणी टिपटिपत होतं, आवाजाला काही कारण नव्हतं. मागच्या रांगेत तीन खुर्च्या रिकाम्या होत्या. मधल्या खुर्चीवर आणि तिच्याखाली फरशीवर पिवळसर भुसा सांडला होता. सुतारकाम झालं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. सुट्टीत अशी कामं निघतातच.

संध्याकाळी घरी फोनवर पाहिलं. ‘“गोदाबाईचा मुलगा” -पहिले तीन’.

मी फोन पालथा ठेवला. मी सकाळी सांगितलेलं कुणीतरी संध्याकाळी वापरत होतं. माझाच एखादा खट्याळ विद्यार्थी, दुसरं कोण? पण माझ्या आजीचं नाव माझ्या विद्यार्थ्यांना ठाऊक नव्हतं आणि तिची तीन मुलं गेली हे तर माझ्या प्रबंधातही नव्हतं. रात्रभर मी कूस बदलत राहिले. पुढच्या शनिवारी नावाचा भाग येणार होता.

तो मी गाळायला हवा होता. पण दोन माणसं खास त्यासाठीच आली होती आणि भीतीपोटी शिकवणं अर्धं सोडणं मला पटेना. सांगितला. चुकीच्या नावानं हाक मारू नका, खरं नाव काढा. संध्याकाळी ओळ बदलली होती. ‘गोदाबाईचा चौथा मुलगा खरं नाव’.

४

बाबांना मी सगळं सांगितलं नाही. एवढंच विचारलं की तुमचं खरं नाव काय. यंत्र कानात घालायला लावलं आणि दोनदा विचारलं.

“मले काय माहीत,” ते म्हणाले. “माय सांगून गेली कानात. मी तवा एका दिवसाचा. ध्यानात राहील का?”

“कधी विचारावंसं नाही वाटलं?”

“काहून वाटन? उकंडा म्हनून लगन झालं, उकंडा म्हनून बाजारात फुलं इकली. हार घेनाऱ्याले नावाचा वास येते का?” मग माझ्याकडं नीट बघून म्हणाले, “तू कायले जीव काढून राहिली? एक नाव कमी असलं त तुहं पुस्तक कोनी फेकून देनार हाये का?”

“देतील,” मी म्हणाले.

“मंग मही पोरगी हुशार नाई म्हनून सांग त्याहिले.” ते खुसखुसले. “नाव झाकलं म्हनून मी वाचलो, असं माय म्हने. खरं-खोटं देव जाने. पन झाकलेलं उघडू नये बापा. दूध असो का नाव असो.”

एवढं बोलून त्यांनी यंत्र काढून टेबलावर ठेवलं. त्यांच्या बाजूनं विषय संपला होता.

माझ्या बाजूनं नव्हता. खरं सांगायचं तर तोवर प्रबंध हे निमित्त उरलं होतं. कुणीतरी माझ्या बापाला शोधत होतं आणि मी, शोधण्यात बावीस वर्षं घालवलेली बाई, त्या नावापर्यंत त्याच्याआधी पोहोचायचं म्हणून हट्टाला पेटले होते. आधी पोहोचून करणार काय, हा प्रश्न मी कागदावर लिहिला नाही. दुसऱ्यांना मात्र पहिली दहा मिनिटं तेच करायला लावते.

५

केशरबाई बाबांची चुलत बहीण, म्हणजे माझी आत्या. सत्त्याऐंशी वर्षांची, नांदगाव पेठेत नातवाकडं असते. नातू तिथल्या कापडाच्या कारखान्यात आहे. बाबा जन्मले तेव्हा आत्या नऊ वर्षांची होती आणि त्या दिवशीचं बघितलेलं तेवढं एकच माणूस आता जिवंत होतं. बाबांसाठी वरण-भात झाकून ठेवून मी पहाटेच्या बसनं अमरावतीला निघाले आणि साडेनऊला तिच्या दारात होते.

आत्या खाटेवर बसून कांद्याची पात निवडत होती. मी कशाला आले ते ऐकून घेतलं, पण हात थांबवला नाही.

“उकिरड्यावर मीच ठेवलं होतं त्याले,” ती म्हणाली. “काकू, म्हंजे तुही आजी, बाजेवर, दाई तिच्यापाशी. मले म्हने, केशर, तू ठेव आन् उभी राह्य. वच्छला येईल अन् उचलून आनन. वच्छला आमची शेजारीन.”

“मग?”

“वच्छलेले उशीर झाला. भर दुपार, असंच ऊन. मी उभी. तेवढ्यात पाह्यतो त उकिरड्याच्या त्या बाजूनं एक बाई बसेल. कवा आली, कोठून आली, मले दिसलंच नाही. मांडीवर रिकामं सूप, अन् ते बोटानं ठोकून राहिली. टप टप. मले इचारलं, नाव काय वं लेकराचं?”

आत्यानं पात बाजूला ठेवली.

“काकूनं मले शिकवून ठेवलं होतं. मी म्हनलं, उकंडा. ते बाई लय येळ पाहत राहिली त्याच्याकडं. मंग म्हने, हा नाही. उठली अन् गेली. मांगून वच्छला आली.”

“कोण होती ती?”

“नाव घेत नसतात,” आत्या म्हणाली. “तोंड मी पाह्यलं नाही. हात पाह्यले.” हाताबद्दल तिनं पुढं काही सांगितलं नाही.

मग तिनं मला जवळ बोलावलं. मला वाटलं होतं नाव काढून घ्यायला दिवसभर मिनतवाऱ्या कराव्या लागतील, पण तीच घाईत होती. “काकूनं मरताना मले सांगून ठेवलं. उकंडा गेला, की त्याच्या कानात त्याचं नाव सांगा लागते, तवा त्याले सुटका. मी आता आज हाये, उद्या नाही. तू ऐकून ठेव. पन तोंडातून काढू नको अन् कोठी लिहू नको. तो गेल्याबिगर नाही. आईची आन घे.”

मी आईची शपथ घेतली. तिनं माझ्या कानाशी तोंड आणलं, श्वासाला कांद्याच्या पातीचा वास होता, आणि तिनं ते नाव सांगितलं. छोटंसंच नाव होतं. एवढ्या सुंदर नावानं या माणसाला कुणी आयुष्यात एकदाही हाक मारली नाही, म्हणून मला तिथंच रडू आलं.

६

परतीच्या बसमध्ये खिडकीतून आगीसारखी हवा येत होती. मी ते नाव मनात घोळवत होते. आजी मळ्यात राबणारी, शाळेचं तोंड न पाहिलेली. तिला हे नाव कुठून सुचलं असेल? त्या काळी नांदगावकडं दुसऱ्या कुणाचं असेल का? जुन्या एखाद्या कागदात सापडेल का? चाळा, निव्वळ चाळा. मूर्तिजापूरच्या स्थानकात बस पाणी प्यायला थांबली तेव्हा माझ्या हातात फोन होता.

मी कुठं लिहीत होते? मी फक्त बघत होते. माझी समजूत खरंच तशी होती. त्या चौकटीत आपण विचारतो असं मी बावीस वर्षं मानत आले, तिथं आपण सांगतही असतो हे माझ्या डोक्यात कधीच आलं नव्हतं. मी ते नाव अवतरणचिन्हांत बांधलं. नेमकं यावं म्हणून पुढं ‘उकंडराव’ जोडलं, मग गाव. काय ती शिस्त! आणि दाबलं.

काहीच सापडलं नाही. कोरं पान. मला हायसं वाटलं. नाव जगात कुठंच नव्हतं, म्हणजे झाकलेलंच होतं. सवयीनं तळाशी गेले.

तळाशी ती ओळ नव्हती. मी जुना शोध पुन्हा टाकला, ‘उकंडा नाव प्रथा वऱ्हाड’. तीन बिनकामाच्या ओळी होत्या, चौथी नव्हती. महिनाभर दर संध्याकाळी जी ओळ मला बघायची नसायची, ती मी आता वेड्यासारखी शोधत होते. कितीदा टाकलं, उलटसुलट टाकलं. कुणीही गोदाबाईच्या चौथ्या मुलाला शोधत नव्हतं.

सापडलं की थांबा, असं मीच शिकवते.

बाबांना फोन लावला. वाजत राहिला. यंत्र टेबलावर असणार, ऐकू येणार कसं? पुन्हा लावला, पुन्हा. शेजारच्या आशाबाई गावाला गेल्या होत्या. चालकाला जाऊन सांगितलं, दादा, जरा लवकर चला. तो म्हणाला, “ताई, टायर फुटन उन्हानं.” अकोला येईपर्यंत तासभर मी दांडा धरून उभी होते. बसायला जागा होती, पण बसवत नव्हतं. उष्णतेनं डोकं फिरलंय तुझं, बाबा कूलरसमोर घोरत असतील, घरी जाऊन त्यांच्याच शिव्या खा, असं मी स्वतःला बजावत होते.

७

जठारपेठेत रिक्षातून उतरले तेव्हा सव्वादोन वाजले होते. गल्लीत कुत्रंही नव्हतं. सगळ्या घरांची दारं बंद, सगळीकडं कूलरची घरघर. आमचं दार तेवढं सताड उघडं होतं.

आत वरण-भाताचं ताट तसंच झाकलेलं. कूलर चालू. टेबलावर कानाचं यंत्र. खुंटीवरची टोपी नव्हती आणि पेटीतलं सणावाराचं धोतर काढल्यामुळं पेटी उघडी पडली होती. मी खोल्या बघितल्या, न्हाणीघर बघितलं. मग कूलर बंद केला, का ते माहीत नाही, आणि घर शांत झाल्यावर बाहेरून ऐकू आलं. टप, टप. थोडी सळसळ. टप.

आमच्या गल्लीच्या टोकाला, विजेच्या खांबाखाली, लोक कचरा टाकतात. बोर्ड लावला तरी टाकतात. बाबा तिकडं चालले होते, नेसलेलं पांढरं धोतर, डोक्यावर टोपी, पाय अनवाणी. तापलेल्या डांबरावर ते असे सावकाश चालले होते की जणू मळ्यातली ओली वाट असावी. ढिगाच्या पलीकडं कुणीतरी बसलं होतं. पदर पुढं ओढलेला, मांडीवर सूप.

“बाबा!”

ते थांबले नाहीत. त्यांना मी ऐकू येत नव्हते, तो आवाज मात्र येत होता. मी धावत सुटले. चप्पल निसटली, पाय भाजले. आणि मला सुचलं ते मी केलं. लेकीनं कधी करू नये ते केलं. गल्लीच्या मधोमध, बापाला एकेरीत, उकिरड्याच्या नावानं हाक मारली.

“उकंडा! ए उकंड्या! माघारी फिर!”

ते थांबले. वळले. मला वाटलं, जिंकले. मी जाऊन त्यांचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. त्या उन्हातही ते गार होतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मायेनंच पाहिलं, रस्त्यात रडणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या पोरीकडं बघावं तसं.

“उकंडा कोन वं, पोरी?” त्यांनी विचारलं.

त्यांनी माझी बोटं एकेक करून सोडवली, अजिबात न दुखवता.

“सोड बाई. माय हाक मारून राहिली मले.”

टपटप थांबली होती. मी पुढं बघितलं. तोंड मी पाहिलं नाही. हात पाहिले. त्या हातांनी मांडीवरचं सूप उचललं, ढिगावरून माझ्या बाजूला सरकवलं आणि माझ्या पायांशी ठेवलं.

सूप काठोकाठ कोंड्यानं भरलेलं होतं.